किराण्याची यादी डाळींपासून सुरू करा

गेल्या महिन्याचं वाणसामानाचं बिल अजून घरात असेल तर ते काढून एक साधा हिशेब करा. तूर, मूग, मसूर, हरभरा, मटकी, चवळी, वाल, बेसन, म्हणजे डाळी आणि कडधान्यांत मोडणारं सगळं सामान एकत्र किती किलो झालं ते पाहा आणि घरातल्या माणसांच्या संख्येनं भागा. दरडोई एक किलोच्या आसपास आकडा आला, तर तुमचं घर शाकाहारी असलं तरी ते चाललं आहे भात, पोळी आणि बटाट्यावर. पोट भरतंय, पण अंगाला लागेल असं फार काही त्यातून मिळत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या मोठ्या माणसासाठी त्यात ताटाचा हिशेब दिला आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप २७ ग्रॅम. ८५ ग्रॅमचा हा आकडा मांसाहारी माणसाच्या ताटात अंडी-मासळीनं काही प्रमाणात भरून निघतो. शाकाहारी माणसाला तो पूर्णपणे डाळी-कडधान्यांतूनच भरायचा असतो. महिन्याला हे झालं माणशी अडीच किलो. दोन मोठी माणसं आणि दोन लहान मुलं अशा घराला सात-आठ किलो लागतील आणि चौघंही मोठी असतील तर दहा. पहिल्यांदा ऐकताना हा आकडा मोठा वाटतो. पण दिवसात वाटून पाहा: सकाळी मुगाच्या किंवा बेसनाच्या धिरड्यात वीस ग्रॅम, दुपारच्या डब्यातल्या उसळीत पस्तीस, रात्रीच्या आमटीत तीस. झाले पंच्याऐंशी. यात अवघड काहीच नाही, फक्त सामान घरात हवं. म्हणून सांगते, यादी लिहिताना तांदूळ, गहू, तेल, साखर या क्रमानं जाऊ नका. कडधान्यं आधी लिहा आणि उरलेल्या पैशांत बाकीचं बसवा.

आता कोणती आणायची. तूरडाळ घरात असतेच, तिच्याबद्दल सांगायला नको. पण फक्त तुरीवर विसंबलं की तूर महागल्यावर वरण पातळ होत जातं, आणि पातळ वरणात डाळीपेक्षा पाणीच जास्त. त्यापेक्षा तूर आणि मसूर निम्मी निम्मी शिजवा, चव फारशी बदलत नाही. मूग अख्खा आणि डाळ, दोन्ही ठेवा. मटकी आणि चवळी प्रत्येकी एक किलो. काळे हरभरे आणि कुळीथ यांना मात्र यादीत कायमची जागा द्या. कुळथाची पिठी करायला दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या घरांनी पावसाळे काढले ते या पिठीवर. कोकणातून आलेला माल विकणाऱ्या कोणत्याही दुकानात कुळथाचं पीठ तयार मिळतं. अख्खे कुळीथ आणून, भाजून गिरणीतून दळून आणले तर अधिकच चांगलं.

आणि वाल. पालघर-रायगडच्या पट्ट्यात भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर वाल होतो. त्यातले कडवे वाल बिरड्याला उत्तम. भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे, हे काम वेळखाऊ आहे आणि वसईहून रोज चर्चगेटची गाडी गाठणाऱ्या बाईला मधल्या वारी ते जमणार नाही, हे मान्य. पण शनिवारी रात्री दीड किलो भिजवून, सोमवारी संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून सोलले, की महिन्याभराची बिरडी होतात. सोललेले वाल डब्यांत भरून फ्रीझरला ठेवा, लागेल तसे काढा. मुलांना सोलायला बसवा, त्यांना ते काम आवडतं.

मोडाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. कडधान्यात फायटेट नावाचा घटक असतो, तो लोह आणि जस्त शरीरात शोषू देत नाही. भिजवल्यानं आणि मोड आणल्यानं तो कमी होतो, शिवाय पचायलाही सोपं जातं. गॅस होतात म्हणून कडधान्यं टाळणारी अनेक माणसं ती नीट न भिजवताच शिजवत असतात. रात्री भिजवा, सकाळी ते पाणी फेका, ताज्या पाण्यात कुकरला लावा, फोडणीत हिंग आणि आलं घाला. ज्यांना सवय नाही त्यांनी एकदम ८५ ग्रॅमवर जाऊ नये. पंधरा-वीस दिवसांत हळूहळू वाढवावं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डाळींचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. राजमा आणि वाल कच्चट राहू देऊ नका, पूर्ण शिजवा.

सोयाबीनच्या वड्यांकडे आपल्याकडे अजून संशयानं पाहिलं जातं. शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिनं असतात, तेवढ्याच कडधान्यात वीस ते पंचवीस आणि पनीरमध्ये अठरा-वीस. महिन्याला अर्धा किलो वड्या घराला पुरतात. गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, बारीक करून मसालेभातात किंवा भरल्या वांग्याच्या रश्शात घाला.

प्रथिनांच्या बाबतीत शाकाहारी माणसाची एक अडचण असते आणि तिचा उपाय आपल्या जेवणात फार पूर्वीपासून आहे. तांदूळ-गव्हात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, डाळींत ते भरपूर असतं. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यात मिळतं. दोन्ही एका दिवसात पोटात गेली की उणीव भरून निघते. साधारण तीन भाग धान्याला एक भाग डाळ हे प्रमाण चांगलं. वरण-भात, पिठलं-भाकरी, खिचडी, थालीपीठ, हे सगळं त्या मापात बसतं, फक्त ताटातली डाळ खरोखर एक भाग असावी. गहू दळायला देताना पाच किलोत अर्धा किलो हरभरे किंवा सोयाबीन मिसळून द्या. गिरणीवाल्याला कोंडा न काढता दळायला सांगा. दुकानातल्या ‘मल्टिग्रेन’ पिठाला किंवा ब्रेडला जास्त पैसे मोजण्याआधी पाकीट उलटं करून घटक वाचा. कायद्यानं घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. पहिलं नाव मैद्याचं असेल तर पुढे पाच धान्यांची नावं असली तरी तो मैद्याचाच ब्रेड आहे.

धान्यांत आपल्या पालघर जिल्ह्याचा वाडा कोलम आहेच, २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. सणावारी तो जरूर आणा. पण रोजच्या भातासाठी कमी पॉलिश केलेला किंवा उकडा तांदूळ घ्या. भात सालासकट उकडताना सालाजवळचं बी-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत जातं आणि पॉलिश केल्यावरही बरंचसं टिकतं. वसई पूर्वेच्या मिश्र वस्तीचा इथे मोठा फायदा आहे. मल्याळी दुकानात जाडा तांबडा उकडा तांदूळ मिळतो, उत्तर भारतीय दुकानात चण्याचं सत्तू मिळतं, गुजराती दुकानात ढोकळ्याचं आणि हांडव्याचं डाळ-तांदळाचं पीठ मिळतं. शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या पारखलेल्या या वस्तू आहेत. सत्तूचं तर विशेष सांगावंसं वाटतं. पहाटेची गाडी पकडायची घाई असेल तेव्हा दोन-तीन चमचे सत्तू, पाणी, लिंबू, मीठ आणि जिरेपूड एवढ्यात पोटाला आधार देणारं पेय तयार होतं.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात पिकणारी नागली, म्हणजे नाचणी, महिन्याला निदान तीन किलो तरी घरात यावी. शंभर ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, इतकं दुसऱ्या कोणत्याही नेहमीच्या धान्यात नाही. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १,००० मिलिग्रॅम आहे. नाचणीची भाकरी, एक वाटी दही, तिळाची चटणी आणि एखादी पालेभाजी एवढ्यात बराचसा हिशेब जमतो. ज्यांना भाकरी थापता येत नाही त्यांनी नाचणीची आंबील किंवा धिरडी करावीत. ज्वारी वर्षभर चालते. बाजरी थंडीत खावी, पण तिचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होतं, म्हणून थोडं थोडं दळून आणावं.

दाणे आणि तेलबिया म्हटलं की लोक बदाम-अक्रोडांच्या भावाकडे पाहून विषय सोडून देतात. ती चूक करू नका. शेंगदाणे, तीळ, जवस आणि कारळे यांच्यात जवळपास सगळं मिळतं. शेंगदाण्यांत शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. तिळात कॅल्शियम. जवसात ओमेगा-३ स्निग्धाम्लं, जी शाकाहारी जेवणात एरवी फारच कमी असतात. कारळे, आपल्या जिल्ह्याच्या डोंगराळ भागात ज्यांना खुरासणी म्हणतात, त्यांची लसूण घालून केलेली चटणी भाकरीबरोबर दुसरं काही मागू देत नाही. दर रविवारी एक चटणी कुटा: एका आठवड्याला जवसाची, पुढच्या आठवड्याला तिळाची, मग कारळ्याची, मग दाण्याची. जवस भाजून कुटल्याशिवाय खाऊ नका. अख्खं जवस बहुतांशी न पचताच बाहेर पडतं. कुटलेलं जवस फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर त्याला लवकर खवट वास येतो.

लोहाकडे बायकांनी आणि वयात येणाऱ्या मुलींनी मुद्दाम लक्ष द्यायला हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त. वनस्पतींतलं लोह शरीराला सहजी मिळत नाही, त्याला क जीवनसत्त्वाची सोबत लागते. म्हणून उसळीवर लिंबू पिळणं ही नुसती चवीची बाब समजू नका. पेरू, आवळा, कोबीची कच्ची कोशिंबीर, कोथिंबीर, यांतलं काहीतरी त्याच जेवणात असू द्या. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका. चहातलं टॅनिन लोह अडवतं. जेवण आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवा. पोहे-उपम्याबरोबर चहा ही आपली जुनी सवय आहे, ती सोडवत नसेल तर निदान दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाला तरी पथ्य पाळा. थंडीत अळिवाचे लाडू करा, अळिवात लोह चांगलं असतं.

या सगळ्या यादीतून एक गोष्ट मात्र मिळत नाही, आणि तिच्याबद्दल शाकाहारी घरांत फार गैरसमज आहेत. बी-१२ जीवनसत्त्व डाळीत नाही, पालेभाजीत नाही, मोडात नाही, इडलीच्या आंबलेल्या पिठात भरवसा ठेवण्याइतकं नाही, आणि आरोग्याच्या नावानं विकल्या जाणाऱ्या स्पिरुलिनातूनही उपयोगी स्वरूपात मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळतं. मोठ्या माणसाची गरज दिवसाला सुमारे दोन मायक्रोग्रॅम आहे, आणि ३०० मिलिलिटर दुधातून सव्वा ते दीड मायक्रोग्रॅम मिळतं. नुसत्या चहातल्या दुधानं हे भागत नाही, हे उघड आहे. दोन वेळा वाटीभर दही किंवा ताक आणि रात्री पेलाभर दूध असं गणित ठेवा. पिठाच्या पाकिटावर निळी ‘+F’ ही खूण असेल तर त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ वरून घातलेलं असतं. दुधावर आणि तेलावर ती खूण असेल तर अ आणि ड जीवनसत्त्व. जे दूधही घेत नाहीत त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी घेतलीच पाहिजे, त्याला दुसरा पर्याय नाही. हातापायांना मुंग्या, सततचा थकवा, विसरभोळेपणा अशी लक्षणं असतील, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल, तर रक्त तपासून घ्या.

तेल, साखर, मीठ यांचा हिशेब मात्र उलटा: यांत ठरलेल्या मापाच्या वर जायचं नाही. चार मोठ्या माणसांच्या घराला तूप-लोणी धरून महिन्याला साडेतीन लिटर तेल, मीठ सहाशे ग्रॅम. मिठाच्या या मापात लोणचं, पापड, फरसाण आणि ब्रेडमधलं मीठही आलं. साखर दोन-तीन किलोच्या पुढे नको. गूळ आणला म्हणून ती मर्यादा वाढत नाही. वनस्पती तूप यादीतून काढून टाका. मीठ आयोडीनयुक्तच घ्या. सैंधव मिठावर आयोडीनसाठी भरवसा ठेवता येत नाही, ते उपवासापुरतं पुरे.

भाजीपाला महिन्याच्या यादीत येत नाही, तरी दोन शब्द. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या भुईगाव, निर्मळ, आगाशीकडच्या वाड्यांची भाजी आपल्याला अजून ताजी मिळते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईसाठी जो लढा दिला, त्याचं या वाड्या टिकण्यात मोठं योगदान आहे. माठ, मुळा, अळू, वालाच्या शेंगा तिथल्या घ्या. आगाशीची सुकेळी मिळाली तर सोडू नका. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवून ती करतात, वरून साखर घालत नाहीत. प्रवासात बिस्किटांऐवजी मुलांच्या हातात ती द्यावीत. मधुमेहींनी मात्र बेतानं, कारण सुकल्यावर केळ्यातली साखर दाट होते. पावसाच्या सुरुवातीला आदिवासी बायका शेवळं, टाकळा, कुरडू, पुढे कंटोली घेऊन बसतात. घ्या, आणि कशी करायची ते त्यांनाच विचारा. शेवळांना खाज असते, ती मारायला काकडं घालावी लागतात, हे पुस्तकापेक्षा त्या चांगलं सांगतात. ओळख नसलेली रानभाजी स्वतः खुडून मात्र खाऊ नये.

सामान आणण्याइतकंच ते टिकवणंही इथे महत्त्वाचं. वसईची हवा दमट, जून ते सप्टेंबर तर विचारायलाच नको. मे महिन्यात कडधान्यांना बाल्कनीत दोन-तीन कडक उन्हं द्या, पूर्ण गार झाल्यावर कोरड्या डब्यांत भरा, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा तमालपत्रं ठेवा. तुरीला आणि गव्हाला एरंडेल तेलाचा हात फिरवण्याची जुनी रीत चांगली आहे. धान्यात पाऱ्याच्या टिकड्या किंवा बोरिक पावडर अजिबात घालू नका. बुरसट, सुरकुतलेले, कडू लागणारे शेंगदाणे भाजून खाऊ नका. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष घरच्या भाजण्यानं नष्ट होत नाही. रवा, पोहे, पिठं पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतीच आणा.

आणि पावसाळ्यात पाणी तुंबण्याचा विचार करूनच यादी पुरी करा. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात गेलं तेव्हा रेल्वे बंद होती, वीज नव्हती, दुधाच्या गाड्या पोचत नव्हत्या. वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीतले रस्ते त्यानंतरही अनेक पावसाळ्यांत पाण्याखाली गेले आहेत. अशा वेळी फ्रिज आणि मिक्सर दोन्ही निरुपयोगी. म्हणून चार दिवस चालेल असा वेगळा डबा जूनच्या पहिल्या आठवड्याआधी भरून ठेवा: मुगाची डाळ आणि तांदूळ, मेतकूट, कुळथाचं पीठ, सत्तू, भाजके चणे, शेंगदाणे, गूळ, पोहे, दूध पावडर, दोन कोरड्या चटण्या, लिंबाचं लोणचं. मऊ भात आणि मेतकूट एवढ्यावरही आजारी माणूस आणि लहान मूल निभावतं. पिण्याचं पाणी वेगळं साठवा. डबे जमिनीवर न ठेवता ओट्यावर किंवा माळ्यावर ठेवा. तळमजल्यावरच्या घरांत स्वयंपाकघरही भिजतं, तेव्हा वरच्या मजल्यावर राहत असाल तर त्या डब्यात शेजारच्या दोन माणसांच्या जेवणाची भर घालून ठेवा.